देवमाशाचा घोटा

दगडाला विचारा : वाचकांचे प्रश्न, भूशास्त्राच्या एका निवृत्त मास्तरणीची उत्तरं

प्रश्न : मागच्या अंकात 'देवमासा हा जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्याचा वंशज' असं एक वाक्य टाकून तुम्ही पुढे निघून गेलात. मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलाने विचारलं, "बाई, मग अर्धी शेळी न् अर्धा मासा असा कुणी सापडलाय का?" मला उत्तर देता आलं नाही. असे मधले प्राणी खरोखर सापडलेत, की ही सगळी चित्रकारांची करामत? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : तुमच्या त्या विद्यार्थ्याला माझ्याकडून एक पेढा द्या. त्याने शेळी म्हटलं, आणि न कळत का होईना, बरोबर त्याच दारात जाऊन उभा राहिला.

तुमचं पत्र वाचलं आणि रविवारी सकाळी मी मटणाच्या दुकानात गेले. कोपऱ्यावरचे दुकानदार मला वर्षानुवर्षं ओळखतात, मटण कमी आणि हाडं जास्त मागणारं गिऱ्हाईक म्हणून. "मागच्या पायाचा घोटा अख्खा द्या, सुरा चालवू नका," म्हटलं. घरी कुकरला चार शिट्ट्या काढल्या, रात्रभर पाण्यात ठेवलं, सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं. आता हे लिहिताना ते हाड वहीवर ठेवलंय. सुपारीहून मोठं, काडेपेटीहून लहान.

त्याच्याकडे नीट बघा. वरच्या टोकाला विहिरीच्या कप्पीसारखी खाच आहे. त्या खाचेत नडगीचं हाड मागेपुढे फिरतं. आता उलटं करा. खालच्या टोकालाही तशीच दुसरी कप्पी! एका हाडाला दोन कप्प्या. शेळी, गाय, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा या सगळ्या समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने बोटं किंवा खूर असलेल्या, मंडळींच्या घोट्यात हे हाड असं असतं आणि आजच्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात असं नसतं. घोड्याला वरची कप्पी आहे, पण खालची बाजू सपाट. कुत्र्याच्या आणि तुमच्या-माझ्या घोट्यात खालचं टोक गोल. म्हणजे कुठल्याही खडकात हे एवढंसं हाड मिळालं, तरी मालक समखुरी होता हे डोळे मिटून सांगावं.

आता गंमत ऐका. देवमाशांचे पूर्वज कोण, यावर १९९० च्या दशकात दोन तट पडले होते. हाडं अभ्यासणारे बहुतेक जण म्हणत होते, मेसोनिकिड नावाचे नामशेष मांसाहारी प्राणी, कारण दातांत फार साम्य. डीएनए पाहणारे म्हणत होते, छे, देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा. फिलिप गिंगरिच हा अमेरिकेतला मोठा अभ्यासक दातांच्या बाजूचा. तो पाकिस्तानात वर्षानुवर्षं देवमासे खणत होता. २००० साली बलुचिस्तानात त्याच्या चमूला सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या देवमाशांचे सांगाडे मिळाले. कवटी, कान, दात अस्सल देवमाशाचे. आणि त्याच सांगाड्यांत घोट्याचं हाड. दोन कप्प्यांचं!

गिंगरिचने आपलं मत बदललं आणि तसं छापलंही. सप्टेंबर २००१ मध्ये त्याचा निबंध आला. त्याच आठवड्यात हान्स थेविसन या दुसऱ्या अभ्यासकाचाही आला. त्याने पाकिस्तानातल्याच, आणखी जुन्या पाकिसेटसच्या सांगाड्यात तोच घोटा दाखवला होता. डीएनएवाले बरोबर होते. माझ्या वहीवरचं हे हाड देवमाशाच्या घराण्यातलं निघालं.

पण तुमच्या विद्यार्थ्याला अर्धी शेळी-अर्धा मासा हवा आहे, तो मात्र मिळायचा नाही. उत्क्रांती म्हणजे नरसिंह नव्हे, कमरेच्या वर एक न् खाली दुसरं. ते काम जुना वाडा राहता ठेवून दुरुस्त करतात तसं चालतं. आधी माजघराची फरशी, दहा वर्षांनी छप्पर, जिना राहिला तो राहिलाच. प्रत्येक अवयव आपल्या चालीने बदलतो. देवमाशात पहिल्यांदा बदलला तो कान.

देवमाशाच्या कानाच्या पोकळीभोवती जे हाड असतं, त्याची आतली कड सुपारीसारखी जाड आणि घट्ट असते. दुसऱ्या प्राण्यांत ती पातळ. पाकिसेटसचं नाव १९८१ साली पडलं ते कवटीच्या अवशेषांवरून, आणि त्याला देवमाशांत बसवलं ते प्रामुख्याने या कानामुळे. तेव्हा बाकीचा सांगाडा हातात नव्हता. चित्रकाराने शितावरून भात केला. सीलसारखा, पाण्यात सूर मारून मासे पकडणारा प्राणी काढला. ते चित्र खूप गाजलं. २००१ मध्ये पाय मिळाले तेव्हा कळलं, हा तर लांडग्याएवढा, उंच पायांचा, जमिनीवर चालणारा प्राणी! म्हणजे 'चित्रकारांची करामत' हा तुमचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही. चित्र चुकलं होतं. कान चुकला नव्हता.

आणि आता त्या कानाची आपल्या देशातली गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त आवडते. जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट नावाचं गाव आहे. तिथून भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी हाडं असलेले खडक गोळा केले होते. त्यातल्या काही दातांवरून आणि जबड्यांवरून १९७१ साली त्यांनी एका छोट्या समखुरी प्राण्याला इंडोहायस हे नाव दिलं. बाकीचे खडक फोडायचे राहून गेले. रंगा राव वारले. खडक त्यांच्या पत्नीने जपून ठेवले आणि पुढे थेविसनच्या हवाली केले. प्रयोगशाळेत साफसफाई करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला. तुटलेली कड पाहिली, तर जाड! देवमाशाचा कान, आणि तो पायाला खूर असलेल्या, बोक्याएवढ्या प्राण्यात. काखेत कळसा म्हणतात तो हा. एवढी वर्षं तो दगडात, पेटीत पडून होता.

हा शोध डिसेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या निबंधावर भारतीय शास्त्रज्ञ सुनील बाजपेयी यांचंही नाव आहे. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा हा इंडोहायस दिसायला आपल्या पिसोरीसारखा, म्हणजे इवल्याशा हरणासारखा, असावा. त्याच्या पायाच्या हाडांच्या भिंती मात्र जाड होत्या, पाणघोड्यासारख्या. उथळ पाण्यात तळाशी चालायचं तर अंग जड हवं. आफ्रिकेतली पिसोरी आजही शत्रू दिसला की पाण्यात बुडी मारते, तेव्हा यात नवल वाटण्यासारखं काही नाही. इंडोहायस देवमाशांचा थेट पूर्वज नव्हता, हेही सांगून टाकते. तो भावकीतला. काळ पाहिला तर पाकिसेटससुद्धा त्याच्या आसपासचाच. पणजोबाचा फोटो नसेल तर त्यांच्या चुलतभावाचा बघून नाक कसं असेल याचा अंदाज घेतो ना, तसं.

पुढची मंडळी भराभर सांगते. अँब्युलोसेटस, १९९४ मध्ये पाकिस्तानातून जाहीर झालेला, साधारण तीन मीटरचा. नावाचा अर्थच 'चालता देवमासा'. आखूड पाय, भलीमोठी पावलं, सुसरीसारखी राहणी. कच्छचा कच्छिसेटस, पाणमांजरासारखा, लांब शेपटीचा. मग इजिप्तच्या वाळवंटातला, सुमारे १५ मीटर लांबीचा बॅसिलोसॉरस. कैरोच्या नैऋत्येला वादी अल हितान म्हणून जागा आहे, नावाचा अर्थ 'देवमाशांचं खोरं'. तिथे १९८९ मध्ये त्याचे मागचे पाय सापडले. एवढ्या अगडबंब देहाला जेमतेम हातभर पाय! पण त्यात गुडघ्याची वाटी आहे, घोटा आहे, बोटंही आहेत. चालायला तर नक्कीच उपयोग नव्हता. जिना राहिला तो राहिला, म्हटलं ना. आजच्या देवमाशाच्या मांसात खोल रुतलेली कमरेची दोन सुटी हाडं असतात, मणक्याला न जोडलेली.

कच्छला मी मुलांना घेऊन गेले आहे. भुजहून लखपतकडे जाताना हरुडी नावाचं गाव लागतं. १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी तिथून देवमाशांचे अवशेष जगापुढे आणले. त्या भागात जमिनीवर न्युम्युलाइट नावाच्या समुद्री जीवांची कवचं सांडलेली असतात, गोल, चपटी, नाण्यांसारखी. आमच्या जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, ही कुणाची चिल्लर सांडली?" त्या चिल्लरवरूनच थराचं वय लागतं, कारण ठरावीक काळात ठरावीक जातीची नाणी चलनात होती.

तिथे आमच्या एका मुलाला बोटभर लांबीचा बरगडीचा तुकडा मिळाला. काळसर, दगडासारखा जड. सगळे ओरडले, देवमासा! मीही ओरडले, खोटं कशाला बोलू. पुण्याला परत आल्यावर जाणकाराला दाखवला, तर ती समुद्रगायीची बरगडी निघाली. समुद्रगाईच्या बरगड्या आतून भरीव असतात, आणि कच्छच्या त्या थरांत त्या चिकार मिळतात. माझं शितही असं चुकलेलं आहे.

प्रश्न : आम्ही १९७५ च्या सुमारास कॉलेजात शिकलो की माणसाचा पहिला पूर्वज 'रामापिथेकस', आणि तो भारतात शिवालिक टेकड्यांत सापडला. फार अभिमान वाटायचा. हल्ली पुस्तकांत त्याचं नावही नाही. कुणी काढलं आणि का? यात काही राजकारण आहे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही हो, राजकारण नाही. जबडा अपुरा होता, एवढंच.

मीही रामापिथेकसवर पेपरात पानभर लिहून मार्क मिळवलेत. एवढंच नव्हे, नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं तेच शिकवलं. माझ्या जुन्या नोट्स अजून पिवळ्या फाइलीत आहेत. त्यात 'मानवाचा आद्य पूर्वज' खाली लाल शाईने दोन रेघा आहेत. त्या काळच्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर माफी असावी.

घडलं ते असं. १९३२ साली एडवर्ड लुइस या अमेरिकी विद्यार्थ्याला आजच्या हिमाचलातल्या हरितल्यांगर इथे वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. नाव ठेवलं रामाचं. त्याच डोंगरांतल्या दुसऱ्या कपीला शिवाचं नाव आधीच होतं, शिवापिथेकस. पुढे १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिल्बीम यांनी तो तुकडा पुन्हा तपासला. दातांची रांग माणसासारखी कमानदार दिसते, सुळा लहान आहे, म्हणून हा आपला पूर्वज, असं ठरलं. अडचण एकच. जबड्याचा मधला भाग मिळालाच नव्हता. उजवा तुकडा आणि त्याची आरशातली प्रतिमा यांत किती अंतर ठेवायचं, ते ठेवणाऱ्याच्या हातात. थोडं अंतर ठेवलं की कमान, थोडं कमी केलं की इंग्रजी यू.

१९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच आणि अॅलन विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला की माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. रामापिथेकस तर तेव्हा कोटभर वर्षांहून जुना मानला जात होता. हाडंवाल्यांनी हा हिशेब उडवून लावला. मग पाकिस्तानच्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा बराचसा पूर्ण चेहरा मिळाला आणि १९८२ मध्ये पिल्बीमनेच तो छापला. डोळ्यांच्या उभट खोबण्या, त्यांच्यातलं अरुंद अंतर, पुढे आलेला जबडा, सगळं ओरांगउटानच्या वळणावर. रामापिथेकस म्हणजे बहुधा शिवापिथेकसचीच लहान चणीची मादी, असं आता मानतात. नाव पुस्तकातून गेलं, हाडं मात्र शिवापिथेकसच्या नावाखाली तिथल्या तिथे आहेत.

पिल्बीम आणि गिंगरिच, दोघांनीही आपल्या हयातभराच्या मताविरुद्ध गेलेलं हाड स्वतःच लोकांपुढे ठेवलं. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटतं. आमच्या वेळच्या एका गाइडने मात्र रामापिथेकस पुढे कित्येक आवृत्त्या तसाच चालवला. त्यांना हाड मिळालं नसावं.

उलट टोकाची गोष्ट इंग्लंडची. १९१२ मध्ये पिल्टडाउनला एक कवटी 'सापडली', मेंदू माणसाएवढा, जबडा वानराचा. त्या काळच्या पंडितांना नेमका असाच दुवा हवा होता, आधी बुद्धी, मग बाकीचं. म्हणून १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताउंगला लहान मेंदूच्या, पण डोकं ताठ तोलून चालणाऱ्या पोराची कवटी मिळाली, तेव्हा तिला बरीच वर्षं फारसं कुणी मानलं नाही. १९५३ मध्ये पिल्टडाउनची लबाडी उघडी पडली. माणसाच्या कवटीशेजारी ओरांगउटानचा जबडा, कानशीने घासलेले दात, वर रंग दिलेला!

खरा क्रम काय होता ते 'लुसी' नावाच्या एका प्राचीन मानवसदृश मादीने दाखवलं. २४ नोव्हेंबर १९७४ ला इथिओपियात हदार इथे डोनाल्ड जोहान्सनला तिचा सांगाडा मिळाला, सुमारे ४० टक्के, वय ३२ लाख वर्षं. तिची मांडी बघण्यासारखी आहे. आरशासमोर उभे राहा. आपली मांडीची हाडं कमरेपासून गुडघ्याकडे आत कललेली असतात, म्हणून एक पाय उचलला तरी आपण कोसळत नाही. चिंपांझीची हाडं सरळ खाली येतात. म्हणून दोन पायांवर चालताना तो डुलतो. लुसीचं हाड आपल्यासारखं आत कललेलं. ओटीपोटाची हाडंही आखूड आणि पसरट. मेंदू मात्र चिंपांझीच्या आसपास. हात लांब, बोटं वाकडी, झाडावर चढायला सोयीची. इथेही नरसिंह नाही. पाय आधी बदलले, डोकं फार उशिरा.

तिच्या जातभाईंनी कसं पाऊल टाकलं हेही दिसतं. टांझानियात लेटोली इथे मेरी लीकी यांच्या चमूला १९७८ मध्ये ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटून दगड झालेली पावलं मिळाली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. अंगठा बाकीच्या बोटांना लागून, टाच खोल रुतलेली. पावसाळ्यात ओल्या अंगणातून कुणी गेलं की उमटतात तशीच.

प्रश्न : माकडापासून माणूस झाला, तर माकडं अजून का आहेत? – बी.ए.चा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : तुमचे आजोबा एक आहेत म्हणून चुलतभावाने जगू नये, असं आहे का? आजचं माकड आपला बाप नाही, लांबचा चुलत आहे. हा प्रश्न मला वर्षातून चारदा तरी येतो. पुढच्या वेळी या उत्तराची कात्रण पाठवीन.

प्रश्न : हे सगळं कच्छ, पाकिस्तान, आफ्रिका इथे. महाराष्ट्रात 'मिसिंग लिंक' का सापडत नाही? – एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्याच्या माणसाला मिसिंग लिंक म्हटलं की आधी खंडाळ्याचा बोगदा आठवतो, तसा तुम्हाला आठवला नाही याचा आनंद आहे.

कारण आपल्या पायाखाली आहे. राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकलाय. तापलेल्या लाव्हात हाडं टिकत नाहीत. हाडं जपायला गाळ लागतो, नदीचा, तळ्याचा, समुद्राचा. देवमासे पाण्यात उतरत होते तेव्हा आपलं पठार कोरडं आणि उंच होतं, झिजत होतं. तिथे साठणार काय?

तरी अगदीच रिकाम्या हाताने पाठवत नाही. गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनोसॉरच्या काळाचे अवशेष आहेत, चंद्रपूरच्या पिसदुऱ्यात डायनोसॉरची हाडं आणि चक्क शेणाचे दगड. माणसाच्या वाटेवरचं म्हणाल तर जुन्नरजवळ बोरीला कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर दगडी हत्यारं मिळालीत, पण ती घडवणाऱ्याचं हाड नाही. त्यासाठी नर्मदेपर्यंत जावं लागतं. मध्य प्रदेशात हथनोऱ्याला डिसेंबर १९८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना कवटीचा वरचा तुकडा मिळाला. आधी त्याला होमो इरेक्टस ही आपल्याआधीची माणसाची जात म्हटलं, मग काहींनी आपल्याच होमो सेपियन्स जातीचं जुनं रूप. वाद मिटलेला नाही, चेहरा मिळाला नाही तोवर मिटणारही नाही.

आणि मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या जुन्या तळ्याच्या गाळात बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे ढिगाने मिळाले होते. लंडनच्या रिचर्ड ओवेनने १८४७ मध्येच त्यांचं वर्णन छापलं. आता त्या टेकडीवर इमारती आहेत.

ता.क. चिपळूणच्या बाईंसाठी : वर्गात दाखवायला घोटा उकळाल तर स्वच्छ करायला लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, हाडाचा चुना विरघळतो. कुत्र्यापासून जपा. माझा पहिला घोटा तसाच गेला.